हवापालट

पूर्वीच्या फॅमिली डॉक्टरांकडे तीनच औषधं असत: लाल मिक्श्चर, पांढऱ्या पुड्या आणि हवापालट. पहिल्या दोन्हींनी गुण आला नाही, की डॉक्टर चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि आवाज खाली आणून म्हणत, "यांना जरा हवापालटाला घेऊन जा कुठंतरी." घरातल्यांना काय समजायचं ते समजे. दुखणं शरीराचं नाही, हेही सांगून होई आणि कुणाला वेडं म्हटल्याचं पापही लागत नसे. परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलेले चिरंजीव, मूल गेलेली वहिनी, निवृत्तीनंतर शब्दकोड्याशी भांडणारे आजोबा, सगळ्यांना एकच चिठ्ठी. हवेवर तेव्हा वैद्यकाचाही भरवसा होता. पाचगणीला डॉ. रुस्तुमजी बिलिमोरियांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, तेव्हा डोंगरावरची हवा हेच मुख्य औषध होतं. स्ट्रेप्टोमायसिन निघायला अजून तीस वर्षं होती. पैसेवाले पाचगणीला, देवळालीला जात. बाकीचे मामाच्या गावाला. तिथली हवा कशीही असो, मामीचं आठ दिवस ऐकून घेतलं की माणूस बरा होऊन स्वतःच्या घरी पळत येई.

हवापालट सोडला तर मनासाठी आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, कारण मनाला काही होतं हेच आमच्या घराण्याला मान्य नव्हतं. गेल्या तीन पिढ्यांत आमच्यात कुणालाही नैराश्य आलेलं नाही. पित्त मात्र सगळ्यांना झालं. माझी आजी सलग दोन वर्षं पित्तानं रडत होती. थोरल्या काकांना एवढं पित्त झालं की ते नोकरी सोडून खिडकीशी बसून राहिले. चुलत आत्येला पित्तामुळे माणसं नकोशी झाली. समर्थांनी मनाला उद्देशून तब्बल २०५ श्लोक रचले, ते आम्ही पोरं दिवेलागणीला घडाघडा म्हणत असू. मनाशी एवढा सविस्तर संवाद असणारे लोक आम्ही, पण समोरचं माणूस 'मला बरं वाटत नाही' म्हणालं की घरातून एकच वाक्य येई: "मोरावळा खा."

आता काळ बदलला. आता आमच्या घरात मनाचे इतके तज्ज्ञ झाले आहेत की रुग्ण पुरत नाहीत. आत्या नाशिकच्या एका हास्यक्लबात आहे. भाऊजी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले. तिथं पहिले नऊ दिवस मौन असतं, आणि परत आल्यावर भाऊजी महिनाभर मौनाबद्दल बोलत होते. भाचीच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आहे, ते तिला दर तीन तासांनी 'आता कसं वाटतंय?' असं विचारतं. तिची आई असं विचारू लागली तर ती खोलीचं दार लावून घेते. एकट्या वहिनी तेवढ्या जुन्या पंथाच्या. त्यांचा मोरावळ्यावर अजून विश्वास आहे. अशी ही फौज थंडीच्या दिवसांत मनःशांतीसाठी तोरणमाळला निघाली.

तोरणमाळच का? तर महाबळेश्वरला मनःशांतीसाठी गेलेली माणसं वेण्णा लेकच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत बसून एकमेकांच्या आईवडिलांचा उद्धार करतात, हे भाऊजींनी पाहिलं होतं. तोरणमाळचं तसं नाही. थंड हवेची ठिकाणं मोजताना खानदेशातली माणसं महाबळेश्वरच्या खालोखाल याचं नाव घेतात, आणि दुसरा नंबर आला की जे सुख असतं ते या गावाला पुरेपूर मिळालं आहे: कुणी फारसं फिरकत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटरवर एक पठार, त्यात यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुंफा, आणि आजूबाजूला पावरा आणि भिल्लांचे पाडे. शहाद्याहून म्हसावदवरून गेलं की सातपायरीचा घाट लागतो. घाटाच्या वळणांवर भाऊजी डोळे मिटून श्वासाकडे पाहू लागले. शहाद्याच्या ड्रायव्हरनं आरशातून ते बघितलं आणि काळजीनं म्हणाला, "भो, उलटी व्हई ना, तं आधीच सांगा. गाडी थांबाडस."

पोचल्यावर प्रत्येकानं आपापली मनःशांती सुरू केली. भाचीला जंगलस्नान करायचं होतं. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली हे नाव काढलं. जंगलात जायचं, काहीही न करता हळूहळू चालायचं, झाडांचा वास घ्यायचा. त्यावर तिकडे पुढं संशोधनही झालं आहे आणि रक्तदाब वगैरे उतरतो म्हणतात. भाची तशी हळूहळू चालू लागली. समोरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या तीन बाया झपाझप आल्या. त्यांनी तिला नीट न्याहाळलं, पायाला लागलंय का म्हणून खुणेनं विचारलं, आणि एकीनं मोळी तशीच डोक्यावर ठेवून तिचा हात धरून तिला रस्त्यापर्यंत आणून सोडलं. जपानी वनखात्यानं या शक्यतेचा विचार केलेला दिसत नाही.

सीताखाईच्या काठावर कॉलेजातल्या मुलांचा एक घोळका दरीत तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. वहिनींना ते असभ्य वाटलं. पण आर्थर जेनॉव्ह नावाच्या अमेरिकन मानसोपचारकानं १९७० साली या ओरडण्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आतलं जुनं दुःख किंचाळून बाहेर काढायचं, असा त्याचा उपचार. खुद्द जॉन लेनन त्याच्याकडे जाऊन ओरडून आला. पुढं शास्त्रज्ञांनी त्या उपचाराला फारसं दारात उभं केलं नाही ही गोष्ट वेगळी. सीताखाईवर मात्र तो उपचार चालू आहे आणि फुकट आहे. त्या पोरांपैकी एकानं ओरडून झाल्यावर मित्राला सांगितलं, "आता बरं वाटलं यार. चल, भजी खाऊ." एवढ्या कमी वेळात पूर्ण बरा झालेला रुग्ण जेनॉव्हच्या पुस्तकातही नसेल.

गोरखनाथाच्या देवळात त्या दिवशी सामसूम होती. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, तिन्हीकडून माणसं येतात, कित्येक जण अनवाणी घाट चढून. बरेचसे नवसाचे असतात. नवस हा प्रकार मला नेहमीच फार समंजस वाटत आला आहे. पोराचं लग्न, विहिरीचं पाणी, कोर्टाची तारीख, जे काही रात्री छातीवर बसतं ते एकदा नाथाच्या नावावर लिहून टाकायचं, आणि पुढच्या शिवरात्रीपर्यंत त्याची काळजी त्यानं करायची. त्या मुदतीत काम झालं नाही तर? एक म्हातारी मला म्हणाली, "मग देवाला बोलते ना चांगलं." तक्रार ऐकून घेणारा आणि मध्येच सल्ला न देणारा कुणी सापडणं किती कठीण असतं, हे ज्यांना घरात भाऊजी आहेत त्यांना कळेल.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली.

आत्यानं आम्हा सगळ्यांना उजाडायच्या आत यशवंत तलावाच्या काठी उभं केलं. हास्यक्लबाचा इतिहास तिला तोंडपाठ. १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला क्लब काढला. आधी रोज विनोद सांगून हसत. पंधरवड्यात सगळ्यांचे विनोद संपले, उरले ते चारचौघात सांगण्यासारखे नव्हते, तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं की उद्यापासून कारणाशिवाय हसायचं. शरीराला खोट्या आणि खऱ्या हसण्यातला फरक कळत नाही, असं त्यामागचं तत्त्व. विनोदी लेखकांचे दिवस फिरले ते तेव्हापासून.

तर आत्या हसू लागली. आधी नमस्ते हास्य, मग मोबाइल हास्य, मग सिंहहास्य. सिंहहास्यात जीभ पूर्ण बाहेर काढायची, डोळे वटारायचे, पंजे उगारायचे आणि पोटातून हसायचं. आत्या सत्तरीची, अंगावर पांढरी शाल, केस मोकळे, मागं धुकं. आम्हीही आपापल्या कुवतीप्रमाणे गुरगुरत होतो. एवढ्यात शेळ्यांचा आवाज आला. एक म्हातारेबाबा काठी टेकून उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी आत्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि चहाची किटली घेऊन आलेल्या तरुण पोराला पावरीत काहीतरी हलकेच विचारलं.

पोरगा अवघडून म्हणाला, "काका, ते विचारतात, बाईंना हे कधीपासून होतंय?"

भाऊजींना प्रश्न आवडला. ते म्हणाले, "आठ-दहा वर्षं झाली असतील."

"रोज होतं का?"

"रोज. सकाळी सहाला. पावसाळ्यात हॉलमध्ये."

बाबांनी दुःखानं मान हलवली. मग ते खाली बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि आत्याला समोर बसायची खूण केली. घरात कोण कोण आहे? कुणाशी भांडण झालंय का? घरातलं कुणी गेलं का एवढ्यात? जेवण जातं का? पोरगा एकेक प्रश्न मराठीत आणत होता. आत्या आधी हसत होती, मग थांबली. म्हणाली, आतोबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळी सहाला तो माणूस चहा करायचा. सहा वाजता घरात भांड्याचा आवाज येत नाही, ते सहन होत नाही, म्हणून मी क्लबात जाते.

हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटत होतं की तिला हसायची आवड आहे.

अर्धा तास ती बोलत होती. बाबांना त्यातलं निम्मं तरी कळलं की नाही, देव जाणे. पोरगा कधीच भाषांतर करायचं विसरला होता. शेळ्या भाचीचा स्कार्फ खात होत्या आणि तीही काही बोलली नाही.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं २००६ साली हेच केलं. अख्ख्या देशात बोटांवर मोजण्याएवढे तज्ज्ञ. तेव्हा त्यांनी चौदा आज्यांना थोडं शिकवून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकांवर बसवलं. ज्याला मनातलं बोलायचं असेल त्यानं आजीशेजारी जाऊन बसायचं. पुढं रीतसर चाचण्या झाल्या आणि गुण येतो असं सिद्ध झालं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या आदिवासी गावांत, पुण्याच्या एका संस्थेनं 'आत्मीयता' नावानं असंच गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. हे सगळं उत्तमच आहे. फक्त आमच्याकडची अडचण उलटी आहे. झिम्बाब्वेत आज्यांना बाकावर बसवायला प्रशिक्षण लागलं, आमच्या सोसायटीत त्यांना बाकावरून उठवायला लागेल. शिवाय ओट्यावरच्या समुपदेशनात एक कलम कायम कच्चं असतं, ते म्हणजे गोपनीयता. सकाळी मन मोकळं केलं की संध्याकाळपर्यंत भाजीवालाही 'ताई, होईल सगळं नीट' म्हणतो. प्रशिक्षण द्यायचं ते ऐकण्याचं नव्हे, ऐकून गप्प बसण्याचं.

आत्याचं बोलून झाल्यावर बाबांनी निदान सांगितलं. पलीकडच्या पाड्यावर एक बडवा, म्हणजे भगत, आहे, त्याला दाखवा. तो दाणे टाकून बघेल.

भाऊजींच्या चेहऱ्यावर सुशिक्षितांचं स्मित आलं. ते स्मित मी फारसं मानत नाही. बडव्याकडे गेलं की घरचे सगळे जातात, आजारी माणूस मध्ये बसतो, कधीकधी रात्रभर विचारपूस चालते, आणि कुणी घड्याळ बघत नाही. आमच्या शहरात मनोविकारतज्ज्ञाकडे नंबर लावून, बाहेर रुमालानं तोंड झाकून बसून, आत दहा मिनिटं मिळतात. पण बडव्याचं कौतुक एका जागी थांबलंच पाहिजे. दाण्यांत जर त्याला पाड्यावरची एखादी बाई 'डाकीण' म्हणून दिसली, तर एकाच्या मनाच्या आजारावर दुसरीच्या जिवाचा उतारा होतो. सातपुड्यात अशा बायकांनी मार खाल्ला आहे, गावं सोडली आहेत, जीवही गमावले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. इथं विनोद करायला मला काही सापडत नाही.

मग डॉक्टरकडे जावं म्हटलं तर डॉक्टर कुठं? तोरणमाळला सरकारी दवाखाना आहे, पण मनाचं काही गंभीर निघालं की घाट उतरून शहादा, तिथून पुढं नंदुरबार. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खानदेशच्या वाट्याला एकही नाही; त्यामुळे आमच्याकडे कुणाला शिवी द्यायची तरी 'ठाण्याला पोचवा' म्हणून दुसऱ्याचं गाव उसनं घ्यावं लागतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरादातारच्या दर्ग्यावर एक बरी तोड काढली होती: मुजावर दुआ देणार आणि तिथंच डॉक्टर गोळी देणार, दोघांनी एकमेकांकडे माणसं पाठवायची. बडवा आणि डॉक्टर असे एका झाडाखाली बसले तर बरं होईल, पण त्यासाठी आधी डॉक्टरला घाट चढावा लागेल. २०१७च्या कायद्यानं प्रत्येकाला मानसिक उपचारांचा हक्क दिला आहे. हक्क घाटाखाली उभा आहे, एसटीची वाट पाहत. सरकारनं २०२२च्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा मुहूर्त साधून, 'टेली-मानस'ही सुरू केलं. १४४१६ हा नंबर फिरवायचा. दिवसरात्र, फुकट, मराठीतसुद्धा. गरज एवढीच की फोनला रेंज हवी.

आत्याचं झाल्यावर भाचीनं बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही कसे आहात?" अ‍ॅपची सवय, दुसरं काय. पण बाबा दचकले. हा प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, झोप येत नाही. रात्री डोकं चालू राहतं. त्याची गोळी आहे का तुमच्याकडे?

आमच्या फौजेला रुग्ण मिळाला!

भाची म्हणाली, "रोज थोडं निसर्गात चालायला सांगा." पोरानं भाषांतर केलं. बाबांनी मागं सीताखाईपर्यंत पसरलेल्या डोंगराकडे आणि मग आपल्या फाटलेल्या वहाणांकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "झोपायच्या आधी तासभर स्क्रीन बघू नका." पोरगा अडला, स्क्रीनला पावरीत काय म्हणायचं ते त्याला सुचेना, आणि आजोबांच्या झोपडीत बल्ब एक आहे, त्याच्याकडेही बघू नको म्हणू का, असं त्यानं विचारलं. माझ्या डोक्यात होतं, संध्याकाळी सातच्या आत हलकं जेवावं. पण ते जेवतात तेव्हा जेवण हलकंच असतं, हे माझ्या वेळेवर लक्षात आलं, म्हणून मी गप्प बसलो. 'ताजी हवा', 'साधं राहणं', 'पहाटे उठणं', 'प्राण्यांचा सहवास', असं एकेक पुढं येत गेलं आणि बाबा प्रत्येकाला मान डोलवत राहिले. मनःशांतीचा आमचा सगळा अभ्यासक्रम हा माणूस जन्मापासून पाळत होता, आणि तरी त्याला झोप येत नव्हती.

शेवटी वहिनींनी विचारलं, "अहो, पण झोप येत नाही ती कशानं?"

मुलगा ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे गेला आहे. दिवाळीनंतर दर आठवड्याला फोन करायचा. आता तीन आठवडे फोन नाही. शेजारच्याच्या मोबाइलवर यायचा, तो शेजारीही आता कामाला गेला.

या कारणावर आमच्यापैकी कुणाकडेही श्वासाचा व्यायाम नव्हता.

मग वरातच निघाली. पोराकडे मुलाचा नंबर होता. भाचीचा फोन, आत्याची शाल, वहिनींच्या हातात मोरावळ्याची बरणी (ती कशाला घेतली ते विचारायचं धाडस कुणाला झालं नाही), पुढं बाबा, मागं शेळ्या. उंचावरच्या एका दगडावर रेंजच्या दोन काड्या येतात, अशी पोराची माहिती. दगडावर आधीच दोघं जण उभे होते. एक सरकारी कर्मचारी वरिष्ठांना 'हो सर, हो सर' करत होता, दुसरा बायकोला. त्यांचं आटपेपर्यंत रांग लावली. नंबर लागेना. भाऊजींनी डोळे मिटले, आत्या देवाचं नाव घेऊ लागली, वहिनींनी फोन उंच धरायला सांगितलं. पाचव्या-सहाव्यांदा पलीकडून 'हॅलो' आलं.

त्या बोलण्यात 'कसा आहेस' नव्हतं, 'काळजी वाटत होती' नव्हतं. पोरगा नंतर म्हणाला, सगळं शेळीबद्दलच होतं. काळी शेळी व्याली, दोन पिलं, एक लंगडतंय. मुलाचा फोन पाण्यात पडला होता, आज नवा घेतला. मुकादमानं उचल दिली आहे. बस्स. दोन मिनिटांत फोन परत भाचीच्या हातात.

बाबांनी वहिनींकडून मोरावळ्याची एक फोड घेतली, तोंडात टाकली, काठी उचलली आणि शेळ्या हाकल्या. दहा पावलं गेल्यावर थांबून पोराला काहीतरी म्हणाले. पोरगा हसू दाबत आमच्याकडे आला.

"काका, आजोबा म्हणतात, त्यांचं झालं काम. पण बाईंना बडव्याकडे न्यायचं विसरू नका. सकाळचा प्रकार साधा नाही."